दुसरा घास

गोपाळरावांना पंच्याहत्तर पूर्ण झाली त्या दिवशी घरात दोन गोष्टी टांगणीला लागल्या होत्या. एक, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला जुन्या पंच्यात बांधलेलं पाच लिटर दुधाचं दही. दुसरी, संध्याकाळचं कीर्तन. खामगावचा तबलजी फोन उचलत नव्हता, आणि त्यांचा मुलगा शंतनु त्याला घरूनच उचलून आणतो म्हणून सकाळीच मोटारसायकल घेऊन गेला होता.

दह्याचं पाणी गळून गेलं होतं. गार्गीनं पंच्याची गाठ सोडली आणि पांढराशुभ्र चक्का परातीत उतरवला. त्यातला निम्मा तिनं दुसऱ्या पातेल्यात ओढला तेव्हा वासंतीबाईंनी पोळीवरचं लक्ष काढलं.

"काय वं पोट्टे, एवढा चक्का कायले घेऊन राह्यली? श्रीखंडाले कमी पडन ना!"

"आजी, निम्माच घेते. चार वाजता चहाबरोबर सगळ्यांना डिप देणार आहे."

"डिप म्हंजे?"

"बुडवायचं. काकडी, गाजर, ज्वारीचे पापड, जे असेल ते त्यात बुडवून खायचं."

"म्हंजे चटनी."

"चटणी नाही गं. सायीसारखं घट्ट असतं. आणि मध्ये मध्ये तिखट, आंबट भाज्यांचे बारीक तुकडे."

"म्हंजे कोशिंबीर."

"कोशिंबीर नाही!"

"मंग रायतं म्हन बापा, कायले भांडतं?" वासंतीबाईंनी पोळी उलटली. नात अमरावतीला बँकेत लागल्यापासून सुटीला येताना कपड्यांआधी पदार्थ घेऊन यायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मागच्या खेपेला तिनं आजोबांना पालकाचा केक खाऊ घातला होता, आणि आजोबांनी तो प्रसाद समजून डोळे मिटून गिळला होता.

"पण अडचण आहे," गार्गी म्हणाली. "सिरक्यातल्या तिखट भाज्यांची बाटली लागते. बाबांनी काल खामगावात चार दुकानं पालथी घातली, मिळाली नाही. आता नुसतंच करावं लागेल."

वासंतीबाई पोळी शेकायच्या थांबल्या. तवा धुरावला तरी थांबल्याच. मग गॅस बारीक करून, गुडघ्यावर हात देऊन उठल्या, कोठीत गेल्या आणि चिनी मातीची बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आल्या.

गार्गी बघतच राहिली. आजीच्या भाज्यांच्या लोणच्याची ही बरणी. फ्लॉवर, गाजर, मुळा, ओली हळद आणि उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, वर फेसलेली मोहरी आणि लिंबाचा रस. हे लोणचं घरातल्या माणसाला चमच्यानं मिळे, आणि गावातल्या तेरा घरांना एकेक बाटली. यापलीकडे ते कुणाच्या बापाला मिळत नसे.

"घे. लागन तेवढं घे."

"आजी, खरंच?"

"बारीक चीर. खार पिळून घेजो, नाहीतर चक्का पानी सोडन." वासंतीबाईंनी झाकणाचं फडकं सोडलं. उजवा हात थरथरत होता. दिवाळीपासून थरथरत होता. यंदाची मोहरी त्यांनी तीन बैठकांत फेसली होती, आणि तेव्हाच मनाशी म्हटलं होतं, पांडुरंगा, ही शेवटची बरणी. हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. "अन् एक ऐक. पलीकडच्या जनकाले सांगू नको याच्यात काय हाय ते."

"का?"

"सांगतलं की मानूस चव पाह्यत नाही, नाव पाह्यते."

गार्गीला ते पटलं. पालकाच्या केकच्या वेळी तिचा स्वतःचाच तसा अनुभव होता.

*

नीरजा हारांची टोपली घेऊन आत आली तेव्हा लेक मिटल्या डोळ्यांनी चमचा चाटत होती. पातेल्यात चक्का फेटून लोण्यासारखा झाला होता, आणि त्यात केशरी, पिवळे, हिरवे ठिपके.

"आई, चाख. जीभ धन्य होईल."

नीरजानं चाखलं. आधी गार दही, मग किंचित साखर, मग मागून, दबक्या पावलांनी, मोहरी नाकात शिरली. तिनं टोपली खाली ठेवली.

"तू यात आईंचं लोणचं घातलंस?"

"आजीनंच दिलं. बरणी उघडून, म्हणाली लागेल तेवढं घे."

"स्वतःहून?"

"हो. फक्त जनकाआजीला सांगू नको म्हणाली."

नीरजा पाटावरच बसली. या घरात येऊन तिला सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली गेली अकरा वर्षं ती सासूच्या आणि चुलतसासू जनकाबाईंच्या स्वयंपाकघरांमधली टपालवाली होती. गोपाळराव आणि शंकरराव सख्खे भाऊ, घरं भिंतीला भिंत लावून, अंगण एकच. जावा एकमेकींशी बोलत, हसत, एकमेकींच्या दुखण्याला उशाशी बसत. पण तेरा बाटल्या गावभर जात आणि चौदावी भिंतीपलीकडे कधी जात नसे.

"तुला काशीचं ठाऊक नाही?"

"चौघं गेले होते, एवढंच."

"काशीला गेलं की खाण्यातलं काहीतरी सोडून यायचं असतं. एकदा सोडलं की जन्मात पुन्हा तोंडात घालायचं नाही. घाटावर गुरुजींनी एकेकाला विचारलं. तुझ्या आजोबांनी चहा सोडला."

"आजोबा दिवसातून चारदा पितात!"

"दुधाचा सोडला. कोरा पितात. शंकरकाकांनी दुधी सोडला."

"तो तर त्यांना बघवतही नाही."

"आईंनी कारलं सोडलं. आणि जनकाकाकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, वहिनींच्या हातचं लोणचं."

गार्गीचा चमचा हवेतच राहिला.

"शंकरकाकांनी ही गोष्ट परतीच्या सबंध बसला सांगितली. बस हसली. आई खामगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या मनात एकच, चाळीस घरं ज्या लोणच्यासाठी नंबर लावतात, ते माझ्या धाकट्या जावेनं कारल्याच्या पंगतीला बसवलं! त्यानंतर दोघींत तो विषय नाही. अवाक्षर नाही."

"म्हणजे आज आजी मुद्दाम… आई, मी यात नाही हं! जनकाआजीचं काशीचं मोडलं तर?"

"म्हणून म्हणते, एक वाटी वेगळी कर. काकडी-कोथिंबिरीची. ती काकूंची."

अशी सकाळपासून आजीच्या बाजूची असलेली गार्गी दहा वाजता आईच्या बाजूला गेली. झाकणाच्या डब्यात बिनलोणच्याची वाटी तयार झाली आणि दुधाच्या पातेल्यामागे लपवली गेली. परंतु पन्नास वर्षं एका स्वयंपाकघरावर राज्य केलेल्या बाईपासून फ्रिजमध्ये काही लपत असतं का?

साडेतीनला नीरजानं फ्रिज उघडला तर डबा नाही. बाहेर ओसरीवर गोपाळराव उपरणं खांद्यावर टाकून चिपळ्या पुसत बसले होते, आणि शेजारी डबा चाटूनपुसून लख्ख.

"बाबा! हे तुम्हाला कुणी दिलं?"

"तुझ्या सासूनं. म्हणाली, कीर्तनाआधी घशाला गार बरं." गोपाळरावांनी मिशी पुसली. "बरं होतं. पण जरा मिळमिळीत हो."

*

चारच्या उन्हात अंगणात सतरंजी पडली होती. भजनी मंडळाच्या चारपाच जणी आल्या होत्या. शेजारच्या नजमुन्निसा भाभी, ज्यांच्या मालकांचं गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान होतं, खुर्चीवर बसून गोपाळरावांसाठी शिवलेला नवा कुडता कसा बसला ते न्याहाळत होत्या. शंतनुचा फोन आला होता, तबलजी गाडीवर मागे बसला आहे आणि झोपला आहे.

जनकाबाई पेटीपाशी होत्या. चाळीस वर्षं दिरांच्या कीर्तनाला पेटी त्यांचीच. गोपाळराव शाळेत मास्तर होते तेव्हापासून सुटीच्या दिवशी गावोगाव कीर्तनं करत, आणि शंकरराव पोस्टातून आले की बायकोची पेटी सायकलला बांधून देत. बुवांना कुठे श्वास लागतो, कुठे ते ओळ विसरतात आणि आलाप घेऊन वेळ काढतात, हे जनकाबाईंच्या बोटांना माहीत होतं.

"जनके, घे."

जनकाबाईंनी वर पाहिलं. ताटली घेऊन स्वतः वहिनी उभ्या. अकरा वर्षांत या घरून जे आलं ते नीरजाच्या हातून आलं होतं.

"काय हाय?"

"पोट्टीनं केलं. डिप म्हनते. पापड बुडवून खाय."

ओसरीच्या खांबामागून नीरजा हातवारे करत होती. जनकाबाईंना वाटलं, ती माशा हाकलते आहे. त्यांनी ज्वारीच्या पापडाचा तुकडा मोडला, बुडवला, तोंडात घातला.

गार. गुळगुळीत. पोरीच्या हाताला चव आहे, असं त्या म्हणणार होत्या. तेवढ्यात दातांखाली फ्लॉवरचा तुरा कुरकुरला, आणि मोहरी टाळूवरून नाकात चढली. सावकाश आणि ऐटीत चढली, वहिनींच्याच हातानं फेसलेली मोहरी चढते तशी.

जनकाबाईंची बोटं पेटीच्या पट्ट्यांवर तशीच राहिली.

थुंकायला हवं होतं. कमरेला रुमाल होता. तोंडासमोर धरला असता, खोकल्याचं निमित्त केलं असतं, कुणाला कळलंही नसतं. त्यांनी घास गिळला. आणि मग त्यांचा हात, जणू दुसऱ्याच कुणाचा असावा तसा, ताटलीकडे गेला, मोठा तुकडा मोडला, तळापर्यंत बुडवला, मिरचीचा काप वर येईल असा उचलला आणि तोंडात घातला.

"या अल्ला!" नजमुन्निसा भाभींनी तेवढ्यात बोट चाटत मोठ्यानं म्हटलं. "गार्गी बेटा, हे तं आपल्या भाभीचं अचार हाय ना? दह्यात लपवलं तं काय झालं, नाकाले समजते!"

भजनी मंडळ हसलं. शंकरराव हसले, आणि हसता हसता त्यांची नजर बायकोकडे गेली.

"अरे! मंग जनका काय खाऊन राह्यली?"

शंकररावांना आयुष्यात कुठलीही गोष्ट मनातल्या मनात म्हणता आली नव्हती.

"वहिनी," जनकाबाईंचा आवाज बारीक होता. "तुमाले माहीत होतं?"

वासंतीबाईंना खरं तर इथे गप्प बसायचं होतं. पण अकरा वर्षांची कोंडलेली वाफ होती ती. "हाव, माहीत होतं! अन् दोनदा घेतलं तिनं! म्या पाह्यलं डोयानं. सबंध बससमोर सोडलं होतं ना? मंग दुसऱ्यांदा काऊन घेतलं? विचारा तिले!"

जनकाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पेटीचा भाता मिटला, खटका लावला, वर आवरण घातलं, कडा नीट बसवल्या. मग उठल्या आणि अंगण ओलांडून आपल्या घरात गेल्या. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं, असं सगळ्यांना वाटलं.

नीरजा सासूकडे बघत होती. गार्गी बघत होती. नजमुन्निसा भाभी हातातली ताटली कुठे ठेवावी ते शोधत होत्या.

"सगळे माझ्याकडं काऊन पाह्यता?" वासंतीबाई म्हणाल्या. "दही तुमी बांधलं, डिप तुमी केली!"

*

गोपाळरावांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"पेटी कोण वाजवणार?"

"तुमाले पेटीचं पडलं?"

"मला पेटीचंच पडलंय. पंच्याहत्तरीचं कीर्तन. पूर्वरंगाला मी विषय घेतलाय त्याग. आता या अंगणात उभा राहून कोणत्या तोंडानं बोलू? जा, तिला घेऊन ये."

"मी काऊन जाऊ?"

"बरं. मी जातो. पंच्याहत्तर वर्षांचा दीर भावजयीच्या पाया पडताना बरा दिसेल का? दिसत असेल तर माझ्या चपला दे."

ते खरंच उठायला लागले. पन्नास वर्षांच्या संसारात वासंतीबाई या माणसाला दोनच वेळा घाबरल्या होत्या, आणि दोन्ही वेळा तो असाच शांतपणे चपला शोधत होता. त्या पदर खोचून निघाल्या.

जनकाबाई देवघरापुढे बसल्या होत्या. तांब्या बाजूला, तोंड ओलं.

"जनके."

जनकाबाईंनी पदरानं हनुवटी पुसली.

"चूळ भरली का?"

"तीनदा."

"गेली चव?"

"नाही."

वासंतीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. बसायला वेळ लागला. गुडघे देवाचं नाव घेऊन वाकत. "हे पाह्य, खोटं म्या केलं. घास म्या घातला. जे काही पाप असन ते माझ्या माथी. तुझं काशीचं काही मोडलं नाही."

"पहिला घास तुमचा, वहिनी. त्याचं म्या देवाले सांगून देलं, तुमचं तुमी पाहून घ्या म्हनलं." जनकाबाई मूर्तीकडेच बघत होत्या. "दुसरा माझा होता."

"म्हंजे?"

"पहिल्याच घासाले वयखलं मी. थुंकाचं सोडून पुन्हा बुडवला. अकरा वर्सं सांभाळलं, अन् एका पापडाच्या तुकड्याले गेलं. मिरची पन शोधून घेतली म्या, वहिनी. लाज नाही वाटली मले."

वासंतीबाई गोंधळल्या. अंगणात जो दुसरा घास त्यांनी झेंड्यासारखा फडकवला होता, तो इथे देवापुढे वेगळाच दिसत होता.

"पन तुले तं आवडत नव्हतं."

"कोन म्हनलं?"

"तूच! काशीत! सोडलं ना तू?"

जनकाबाईंनी पहिल्यांदा मान वळवली. जावेच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा आहे की काय ते पाहिलं. थट्टा नव्हती.

"वहिनी, काशीत काय सोडतात?"

"खान्यातलं कायतरी."

"कायतरी? गुरुजी काय म्हनले होते आठवा. जिथं जीव अडकला असन, ते गंगेले देऊन टाका म्हनले. मी लगीन होऊन आली तं एकोनीस वर्साची होती. चार दिवस जेवली नाही, मायची आठवन येत होती. तुमी भाकरीवर लोनच्याचा खार टाकून माझ्यापुढं ठेवला अन् म्हनलं, रड, पन खाता खाता रड. तवापासून जीव अडकला तो अडकला. मंग गुरुजींनं विचारलं तं दुसरं काय सांगू? गंगेपुढं खोटं बोलू?"

बाहेर अंगणात कुणीतरी टाळ वाजवून पाहिला आणि लगेच थांबवला.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?" वासंतीबाईंनी विचारलं.

"सोडल्या वस्तूचं गुनगान कराचं असते का? अन् मले वाटे तुमाले समजलं. तुमी बोलत नाही तं मले वाटे, मोठ्या आहेत, माझ्या नेमाले जपून राह्यल्या. बाटली धाडत नाही तं म्हनलं, बापा, किती समजून घेतात. दरसाली मोहरीचा वास भिंतीवरून ये, तं मी दार लावून घेऊन पेटी वाजवत बसो."

"म्या कारलं सोडलं होतं," वासंतीबाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मले कारलं लहानपनापासून आवडत नाही."

"ते पन माहीत आहे. साऱ्या पिंपळगावाले माहीत आहे."

"म्हनून मले वाटलं, तू पन…" वाक्य पुरं करायची त्यांना हिंमत झाली नाही. जनकाबाईंनी ते मनातल्या मनात पुरं केलं, आणि त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या. आधी वासंतीबाईंना वाटलं ही रडते आहे. मग पाहिलं तर ही हसत होती, पदर तोंडात कोंबून, देवापुढे, खांदे हलवत.

"वहिनी वो! गंगामाईले कारलं! एवढ्या दूर जाऊन! अन् गुरुजी म्हनले, धन्य आहे बाई!"

"हास, हास. तुझ्या नवऱ्यानं दुधी देला."

"अन् दादांनं दूध! चहा ठेवून घेतला!"

दोघी अशा हसल्या की भिंतीपलीकडे नीरजानं कान टवकारले आणि गार्गीचा दंड धरला. हसणं ओसरलं तेव्हा वासंतीबाईंनी आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. तो थरथरत होता.

"जनके, तू काय सोडलं होतं? नीट सांग. शब्दाले शब्द."

"वहिनींच्या हातचं लोनचं."

"माझ्या हातचं. तुझ्या हातचं नाही."

"ही पयवाट झाली, वहिनी."

"तुले असन पयवाट. मले दार बंद आहे." वासंतीबाईंनी देवघराकडे तोंड केलं. "देवा, काशीत फसवलं तुले. आज खरं देते. आजपासून मी लोनचं घालनार नाही. मोहरीले हात लावनार नाही, मिठाले नाही, बरनीच्या फडक्यालेही नाही. घालन तं जनका घालन. मी नुसती सांगन."

"हात थरथरते म्हनून देऊन राह्यल्या का?"

"थरथरते. तरी आजवर कोनाले देला नव्हता."

जनकाबाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांना नाही म्हणायचं होतं. वहिनींची फेसलेली मोहरी या घरातून अशी जाऊ नये, असं पोटातून वाटत होतं. पण देवापुढे बोललेलं परत घ्या कसं म्हणणार?

"अन् माझ्या दुसऱ्या घासाचं?"

"ते तुझ्या दिराले विचार. आज तोच बुवा आहे."

*

कीर्तन अर्धा तास उशिरा उभं राहिलं. तबलजी जागा झाला होता. पेटीवर जनकाबाई, आणि त्यांच्या मागे अगदी खेटून वासंतीबाई.

गोपाळरावांनी नमन केलं, पद म्हटलं, चिपळ्या थांबवल्या. त्याग या विषयावर त्यांनी दोन महिने टिपणं काढली होती. ती उपरण्याच्या घडीत होती. ती तिथेच राहू देऊन ते म्हणाले, "मायबाप हो, या देहानं काशीत दुधाचा चहा सोडला. आता एक गंमत सांगतो. मला कोरा चहा आधीपासूनच आवडतो."

अंगण असं हसलं की झोपलेलं तान्हं पोर उठलं. "दादा, माझा दुधी!" शंकरराव सतरंजीवरून ओरडले, त्यांना राहवलं नाही. वासंतीबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, पण आतून "कारलं" एवढं सगळ्यांना ऐकू आलं. नजमुन्निसा भाभी खुर्चीवर डोळे पुसत होत्या.

"आणि या घरात खरं सोडणारं माणूस एकच निघालं," गोपाळराव म्हणाले. "ते माणूस विचारतंय, आज चूक झाली, प्रायश्चित्त काय? मायबाप, मी पुष्कळ धुंडाळलं. शास्त्रात मोहरीचा उल्लेख मला काही सापडला नाही. तेव्हा शिक्षा माझ्या पदरची. आज मी थकेपर्यंत पेटी थांबवायची नाही."

"थकाल तुमी आधी," जनकाबाई म्हणाल्या आणि भाता उघडला.

ते खरं ठरलं. उत्तररंगात गोपाळराव दोनदा ओळ विसरले आणि दोन्ही वेळा पेटीनं त्यांना अलगद पुढच्या ओळीवर नेऊन सोडलं.

*

दुसऱ्या आठवड्यात बाजारातून फ्लॉवर आले, गाजरं आली, मिरच्या आल्या. भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात जनकाबाई मोहरी फेसायला बसल्या. वासंतीबाई समोर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"एकाच अंगानं फिरव. उलटी नको. अवं, उलटी नको म्हनलं ना!" हात मांडीखालून निसटला आणि परातीच्या काठापर्यंत गेला.

"हात मागं!" जनकाबाई ओरडल्या. "देवानं पाह्यलं!"

हात मागे गेला. दुपारभरात तो सात वेळा आला आणि सात वेळा गेला. गार्गीनं अमरावतीहून फोन करून विचारलं, चाललंय का नीट, तेव्हा नीरजा म्हणाली, भांडतायत, म्हणजे नीट चाललंय.

आठ दिवस उन्हात ठेवून बरणी उघडली. जनकाबाईंनी भाकरी मोडली, तुकडा खारात बुडवला आणि तोंडात घातला. पुष्कळ वेळ चावत राहिल्या.

"कसं झालं?" वासंतीबाईंनी विचारलं.

"तुमच्यासारखं नाही झालं." जनकाबाईंनी ताटाकडे पाहिलं. "ते आता या जन्मी नाही."

वासंतीबाईंनी त्याच ताटातला तुकडा घेतला, चव पाहिली.

"चांगलं झालं."

"खोटं नका बोलू, वहिनी."

"बरं. मीठ जास्त झालं. मोहरी कडवट उतरली."

"मंग असं सांगा ना," जनकाबाई म्हणाल्या, आणि पाटावर सरकून त्यांना शेजारी जागा केली.